ग्रंथपालांना विचारा : रिन्यूअलच्या कागदात एआय शिरलाय

या वेळची पत्रं उघडली तर जवळपास सगळी एआयवर, पण 'एआय आमची नोकरी खाणार का' वाली नाहीत (ती मागच्या वर्षी संपली एकदाची), ही लायसन्सच्या कागदाबद्दलची आहेत. ऑनलाइन जर्नल्स आणि ईबुक्स लायब्ररी बहुतेक वेळा विकत घेत नाही, ठरावीक मुदतीसाठी वापरायची परवानगी घेते, आणि त्या परवानगीच्या कागदात आता एआयचा परिच्छेद यायला लागलाय. पाच पत्रं निवडलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : नमस्कार मॅडम, सांगली जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये (केंद्राची सरकारी संस्थांसाठीची जर्नल्सची योजना) आम्ही नाही, त्यामुळे जर्नल्सचं पॅकेज दरवर्षी व्हेंडरकडून आम्हीच घेतो. या वेळच्या कागदात एक नवीन परिच्छेद आहे, त्याचा मराठीत अर्थ असा : 'ग्राहक व त्याचे वापरकर्ते हा मजकूर कोणत्याही एआय साधनासोबत वापरणार नाहीत, अल्गोरिदम शिकवणे, तपासणे, मजकुरावर प्रक्रिया करणे, विश्लेषण करणे, आउटपुट तयार करणे यासकट.' व्हेंडर म्हणतो सगळेच सही करतायत, स्टँडर्ड आहे. प्राचार्य म्हणतात करून टाका, ३१ तारखेला ॲक्सेस जाईल. काय करू?

उत्तर : सही करू नका. निदान आज तरी नाही.

व्हेंडरच्या 'स्टँडर्ड'चं मनावर घेऊ नका, तो मधला माणूस आहे, त्याला ऑर्डर क्लोज करायचीय. कागद प्रकाशकाचा असतो आणि एकाच प्रकाशकाने शेजारच्या दोन कॉलेजांना दोन वेगळे कागद दिलेले मी स्वतः बघितलेत, फरक एवढाच की एका ग्रंथपालाने विचारलं होतं आणि दुसऱ्याने नव्हतं.

तुम्ही सगळी क्रियापदं उतरवून पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण सगळी मेख तिथेच आहे. 'अल्गोरिदम शिकवणे' म्हणजे बाहेरच्या कंपनीच्या मॉडेलला, म्हणजे चॅटबॉटच्या मागच्या प्रोग्रॅमला, प्रकाशकाचा मजकूर फुकटात खाऊ घालणं, याला प्रकाशक घाबरतो आणि ती भीती काही खोटी नाही, त्याच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते. पण त्याच वाक्यात हळूच 'प्रक्रिया' आणि 'विश्लेषण' बसवलंय. स्कॅन केलेल्या जुन्या पेपरमधली अक्षरं सॉफ्टवेअरकडून ओळखून घेतली तर ती प्रक्रिया झाली, भाषांतर केलं तरी झाली, मोठ्याने वाचून घेतलं तरी झाली. तुमच्या सिव्हिलच्या एखाद्या पोराने काँक्रीटच्या भेगांवरचे दोन हजार पेपर प्रोग्रॅममधून काढून कुठल्या वर्षी कुठल्या मटेरियलवर किती काम झालंय ते मोजलं तर ते विश्लेषण, यालाच टेक्स्ट माइनिंग म्हणतात, आणि यात कुठल्याही कंपनीचा चॅटबॉट काहीही शिकत नाही. म्हणजे वाचणं, मोजणं आणि शिकवणं अशा तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरून वर एआय असं लिहिलंय. आणि 'एआय साधन' म्हणजे काय याची व्याख्या कागदात आहे का बघा, बहुधा नसेल, किंवा असेल तर इतकी ढगळ की पीडीएफ उघडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आता जे सारांशाचं बटण येतं ते कुणी चुकून दाबलं तरी कराराचा भंग तुमच्या कॉलेजच्या नावावर.

तुम्ही म्हणाल कायदा आहे ना. आहे की. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खाजगी वापर आणि संशोधन, टीका-समीक्षा यासाठीच्या वाजवी वापराला सूट देतं, शिकवण्याच्या ओघात काढलेल्या प्रतींनाही देतं, आणि दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपीच्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ही शिकवण्याची सूट चांगली ऐसपैस वाचली होती. पण टेक्स्ट माइनिंगसाठी आपल्याकडे वेगळं कलम नाही आणि 'करारात काहीही लिहा, ही सूट काढून घेता येणार नाही' असं सरसकट सांगणारंही नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून बिगर-व्यावसायिक संशोधनासाठी असं विश्लेषण करायची मोकळीक आहे आणि तिच्या आड येणारी करारातली अट चालतच नाही, युरोपियन युनियनने २०१९ च्या निर्देशात संशोधन संस्थांसाठी तेच केलं, सिंगापूरने २०२१ च्या कायद्यात. अमेरिकेत हाथीट्रस्ट (विद्यापीठांची डिजिटल लायब्ररी, २०१४) आणि गूगल बुक्स (२०१५) या खटल्यांमध्ये लाखो पुस्तकं स्कॅन करून त्यात शोध घेण्याची सोय फेअर यूज, म्हणजे तिथला वाजवी वापर, ठरली, पण तिथेही हक्क करारात सोडून दिला की दिला. म्हणून तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लायब्ररीवाल्यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे लिहिलं की माइनिंग आणि एआयचा संशोधनासाठीचा वापर आम्ही लायसन्समध्ये सोडणार नाही, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आयसीओएलसी या लायब्ररी कन्सॉर्शियांच्या आंतरराष्ट्रीय गटानेही सरसकट बंदीच्या विरोधात निवेदन काढलं. त्यांच्याकडे वकील आहेत, आपल्याकडे तुम्ही आहात. आपल्या कायद्यात असा आधार नसल्यामुळे तुमची सही त्यांच्यापेक्षा महागात पडते.

आता करायचं काय. मेल करा, व्हेंडरला आणि सीसीत प्रकाशकाच्या माणसाला, की हा परिच्छेद मान्य नाही, त्याऐवजी हा घ्या : 'वापरकर्ते संशोधन व शिक्षणासाठी मजकुराचं संगणकीय विश्लेषण करू शकतील व त्यासाठी एआय साधनं वापरू शकतील, मात्र मजकूर तिसऱ्या कंपनीच्या मॉडेलला शिकवण्यासाठी जाणार नाही, बाहेरच्यांना उघडा केला जाणार नाही, आणि मूळ जर्नलची जागा घेईल असं विक्रीचं उत्पादन त्यातून बनवलं जाणार नाही.' कॅलिफोर्नियावाले साधारण याच धर्तीवर मागतात. प्रकाशकाची खरी भीती यात भागते आणि तुमची मुलंही मोकळी राहतात. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून ३१ च्या आधीच 'बोलणी चालू आहेत तोवर जुन्याच अटींवर ॲक्सेस चालू ठेवा' असं लेखी मागून ठेवा, याला ग्रेस म्हणतात, मागितलं तर बरेच जण देतात, न मागता कोणीच देत नाही. तुमचा परिच्छेद घ्यायला तयार नसतील तर त्यांचा तरी पूर्ण काढायला लावा. एआयबद्दल कागद गप्प असलेला परवडला, सपाटून डाउनलोड करायला बंदी वगैरे जुने क्लॉज असतातच की.

आणि हातात कागद आहेच तर अजून तीन जागा बघून घ्या. 'अटी वेबसाइटवर वेळोवेळी बदलतील' असं वाक्य असेल तर खोडा, नाहीतर आज काढलेला परिच्छेद मार्चमध्ये वेबसाइटवरून परत आत येईल. वेबसाइटवर मुलं 'आय ॲग्री' दाबतात त्यापेक्षा हा सही केलेला कागद वरचढ राहील असं घालून घ्या. आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या कृतीला संस्था जबाबदार असं असेल तर ते 'वाजवी प्रयत्न करेल' एवढ्यावर आणा, शिवाय भंग झाला तर आधी नोटीस आणि सुधारायला ३० दिवस.

प्राचार्यांना यातलं काही सांगू नका, कंटाळतील. एवढंच सांगा की या कागदाप्रमाणे एका पोराने एक पेपर भाषांतर करून वाचला तर नोटीस त्यांच्या नावाने येऊ शकते.

प्रश्न : ताई, मी नांदेडला सरकारी विद्यापीठात पीएचडी करतेय, अर्थशास्त्रात. शिक्षण सगळं मराठीतून झालंय, इंग्रजी पेपर वाचायला फार वेळ लागतो, म्हणून युनिव्हर्सिटीच्या लॉगिनवरून पेपर काढून चॅटबॉटला टाकते आणि मराठीत समजून घेते. गाइड म्हणाले हे बेकायदेशीर आहे आणि तुझ्यामुळे सगळ्यांचा ॲक्सेस बंद होईल. खरंय का? मला प्लीज तू म्हणा.

उत्तर : बरं, तू म्हणते. आधी रडणं बंद कर (पत्रातला पुढचा भाग मी छापला नाहीये, काळजी नको).

बेकायदेशीर आणि कराराबाहेर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गाइडनी त्यांची खिचडी केलीय. स्वतःच्या अभ्यासासाठी एक पेपर स्वतःपुरता भाषांतर करून वाचणं, याला कलम ५२ मधल्या संशोधनाच्या सुटीचा चांगला आधार आहे असं माझं मत. करार ही दुसरी बाब. तुझ्या युनिव्हर्सिटीला बरीचशी जर्नल्स 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून मिळतात, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली योजना, तीन वर्षांना ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या घरात जर्नल्स, कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या लायब्ररी-केंद्राकडे. म्हणजे यातले करार दिल्ली-गांधीनगरला ठरतात, तुझ्या ग्रंथपालांनी सही केलेली नसते आणि त्यांना खोडाखोडही करता येत नाही. पण विचारता येतं. तुमच्याकडे या योजनेचे नोडल ऑफिसर असतात, त्यांना लेखी विचार की अमुक प्रकाशकाच्या मजकुरावर भाषांतराची आणि एआयची साधनं वापरण्याबद्दल काय अट आहे. असे चार प्रश्न प्रत्येक युनिव्हर्सिटीतून गेले तर पुढच्या वेळी करार करताना वरच्यांच्या टेबलावर ते असतील.

तोवर तू काय करायचंस ते सांगते. चॅटबॉटच्या सेटिंगमध्ये डेटा कंट्रोल्समध्ये जा आणि आपल्या चॅटवरून मॉडेल सुधारायची परवानगी बंद कर, फुकटच्या खात्यांवर ती बहुतेक ठिकाणी आधीपासून चालू असते आणि प्रकाशकाची खरी तक्रार तीच आहे. अख्खी पीडीएफ चढवण्याऐवजी अडलेला उतारा टाक. चॅटची लिंक ग्रुपवर शेअर करू नकोस. पेपरच्या पहिल्या पानावर खाली सीसी बाय (CC BY, श्रेय देऊन वापरायचं खुलं लायसन्स) लिहिलंय का बघ, असेल तर श्रेय देऊन त्याचं वाट्टेल ते कर, भाषांतर करून छाप सुद्धा, लायसन्सचा प्रश्नच मिटला. आणि डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये जरा बरा कंप्युटर असेल तर त्याच मशीनवर चालणारं ओपन मॉडेल (कुणालाही उतरवून घेता येतं असं) बसवून मागा, फाइल खोलीबाहेर जातच नाही मग. मराठी थोडं कच्चं बोलतात ती मॉडेल्स, पण कॉइंटिग्रेशनसारखी तुमच्या अर्थशास्त्रातली संज्ञा म्हणजे काय ते सांगतात.

ॲक्सेस बंद होण्याचं म्हणशील तर तो कशाने होतो ते मी बघितलंय. मी एका कॉलेजात होते तेव्हा हॉस्टेलच्या एका मुलाने दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या रात्री डाउनलोड मॅनेजर लावला आणि झोपला, गावी नेट नाही, घरी निवांत वाचू असा साधा हिशोब. सकाळी मी कुलूप उघडतेय तोवर केमिस्ट्रीच्या मॅडम दारात, 'काहीच उघडत नाहीये हो'. सगळ्या कॅम्पसचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, ब्लॉक. प्रकाशकाचा मेल आलेला, त्यात नाव नाही गाव नाही, फक्त आयपीचा पत्ता आणि रात्री २ ते ५ अशी वेळ. कंप्युटर सेंटरच्या दादांबरोबर दुपारपर्यंत राउटरचे लॉग चाळले तेव्हा खोली सापडली, पोरगा तोवर एसटीत, फोन लागेना. फाइल्स डिलीट केल्याचं त्याच्या सहीचं पत्र पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी चालू झालं, आणि ते तीन दिवस मी जे ऐकलंय ते इथे लिहीत नाही.

यात एआय कुठे होता? कुठेच नव्हता. समोरचं मशीन तुझा हेतू बघत नाही, वेग बघतं. म्हणून तुला खरी भीती कसली असेल तर ब्राउझरमध्ये बसवायच्या त्या 'रिसर्च असिस्टंट' एक्स्टेन्शनची, तुझ्या लॉगिनवर बसून तेच आपापल्या मनाने एकेक लिंक उघडत शंभर पीडीएफ ओढतात, तू चहा पीत असतेस आणि तिकडे त्या हॉस्टेलच्या पोराचं सगळं परत घडतं. ती काढून टाक. दिवसाला चार पेपर हाताने काढून वाचणाऱ्या मुलीमुळे कुठलंही कॅम्पस ब्लॉक होत नाही, गाइडना माझं नाव सांगून सांग.

प्रश्न : मी कोल्हापूरला बीएच्या वर्गांना शिकवतो. माझा एक विद्यार्थी पूर्ण अंध आहे, फोनमधलं ॲप त्याला ईबुक वाचून दाखवतं आणि आलेख, फोटोंचं वर्णनही करतं. आमच्या लायब्ररीच्या ईबुकच्या नव्या कागदात एआय वापरायला बंदी आहे असं कळलं. त्याने आता थांबायचं का?

उत्तर : अजिबात नाही. सर, कलम ५२ मध्येच २०१२ च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी सुलभ प्रती करायची वेगळी सूट आलीय, आणि अंध वाचकांसाठीचा माराकेश करार मान्य करणारा भारत हा जगातला पहिला देश, २०१४ मध्ये. कागद लिहिणाऱ्याच्या डोक्यात तुमचा विद्यार्थी नव्हताच, त्याने एआय शब्द टाकला आणि त्यात हाही सापडला. ग्रंथपालांकडून एक ओळ मागून घ्या की 'सुलभ स्वरूपात वाचण्यासाठी वापरलेलं कोणतंही साधन, एआय असलं तरी, या बंदीत येत नाही'. याला नाही म्हणणारा प्रकाशक मला अजून भेटलेला नाही, लाज वाटते त्यांनाही. पण मागावं लागतं.

प्रश्न : मी गोव्यात प्राध्यापक होतो, आता निवृत्त. लंडनच्या एका मोठ्या प्रकाशकाच्या संपादित ग्रंथात माझं एक प्रकरण आहे, २००९ चं. २०२४ मध्ये बातमी वाचली की प्रकाशक आपली पुस्तकं एआय कंपन्यांना देतायत. मला कोणी विचारलं नाही, पैसेही नाहीत. आणि आमच्याच कॉलेजच्या लायब्ररीला तेच पुस्तक एआयला दाखवू नका म्हणतात. हा काय प्रकार आहे?

उत्तर : सर, प्रकार तुम्हाला नेमका कळलाय, म्हणूनच राग आलाय. टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनाची मालक कंपनी इन्फॉर्मा, तिने मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टबरोबरचा करार जाहीर केला, सुरुवातीचीच रक्कम १ कोटी डॉलरच्या पुढे, आणि बऱ्याच लेखकांना ते बातम्यांतूनच कळलं. वायली या दुसऱ्या प्रकाशकाने त्याच वर्षी अशाच एका व्यवहाराचे २ कोटी ३० लाख डॉलर सांगितले. आता लायब्ररीला घातलेल्या बंदीचं कारण 'मजकूर मॉडेलमध्ये जाईल' एवढंच नसतं, तर 'तो आम्ही विकणार आहोत, तुमच्या दारातून फुकट जाता कामा नये' हेही असतं. धंदा म्हणून समजू शकते मी, पण मग बंदीच्या परिच्छेदात लेखकाच्या हक्कांचा कळवळा आणू नये.

तुम्ही कपाटातून २००९ चा करार काढा. त्यात बहुधा 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या' अशी शब्दरचना असेल. आपल्या कायद्यात कलम १८ ला २०१२ मध्ये जोड दिलीय की हक्क सोपवताना जे माध्यम किंवा वापराची जी रीत अस्तित्वात नव्हती वा धंद्यात नव्हती, ती करारात नेमकी नाव घेऊन लिहिलेली नसेल तर सोपवलेली धरायची नाही. वाचायला फार गोड आहे हे, पण तुमचा करार त्या दुरुस्तीच्या आधीचा आणि वर बहुधा इंग्लंडच्या कायद्याखालचा, त्यामुळे एका प्रकरणासाठी कोर्टाच्या नादाला लागा असं मी म्हणणार नाही. प्रकाशकाच्या हक्क विभागाला मेल मात्र करा : माझं प्रकरण कुणाला दिलंय का, रॉयल्टीत त्याचा हिस्सा कसा धरलाय, पुढच्या वेळी वगळता येईल का. आणि नवीन काही छापायला देताना, मराठी प्रकाशकाला देताना सुद्धा, 'मॉडेल शिकवण्यासाठी देण्याचा हक्क लेखकाकडे' असं एक वाक्य आपल्या हाताने लिहा. मराठी प्रकाशक दोन मिनिटं बघत बसेल आणि सही करेल, त्याला अजून कुणी विचारलेलं नसतं.

प्रश्न : पुण्यात एका मोठ्या लायब्ररीत मी सहायक आहे. एका कंपनीचे लोक डेमो देऊन गेले, त्यांच्या डेटाबेसला आता त्यांचाच एआय जोडलाय, वेगळे पैसे. बाकीच्यांचा एआय वापरायला मनाई आणि यांचा घ्या. घ्यावा का?

उत्तर : स्कोपस, वेब ऑफ सायन्स, जेस्टोर, या पेपर शोधायच्या सगळ्या मोठ्या डेटाबेसांनी २०२३-२४ पासून आपापला एआय आणलाय, त्यामुळे डेमो आता येतच राहणार, समोसे खाऊन घ्या. साधन वाईट असेलच असं नाही, काही ठिकाणी उत्तराखाली नेमका पेपर दाखवतात ते मला आवडलं. पण 'आमचा घेतला म्हणून दुसरा नाही' ही अट आणि हे साधन या दोन गोष्टी टेबलावर वेगळ्या ठेवा, एकाच्या बदल्यात दुसरी देऊ नका. आणि उलटी अटही मागा, आपले वाचक त्या चौकटीत काय काय विचारतात ते कंपनीने मॉडेल सुधारायला वापरू नये. पीएचडीच्या मुलाचा अर्धवट सुचलेला विषय असतो त्यात. हे विचारलं की डेमोवाले 'लीगलला विचारून सांगतो' म्हणतात, तेव्हा उत्तर लेखी येईपर्यंत ऑर्डर थांबवायची.

महिनाभराची ट्रायल फुकट मिळते, ती घ्या, आणि त्यांचे ठरलेले कॅन्सर-क्लायमेटवाले प्रश्न विचारत बसू नका. ऊसतोड कामगारांचं स्थलांतर, कोकणातली खारजमीन, मराठवाड्यातल्या बोअरवेल्स, असे आपल्या वाचकांचे वीस प्रश्न काढा आणि प्रत्येक उत्तराखाली दिलेला पेपर खरंच उघडून बघा. मी केलं होतं. खारजमिनीला त्याने नेदरलँड्सला नेलं होतं.